मोशेकाका : दहावा माणूस

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून मीटिंगला बसले होते. जानेवारीतला गुरुवार होता. नर्सने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, शेजारीण. मग गडबडून म्हटलं, पुतणी. जाताना फार त्रास झाला नाही त्यांना, असं ती म्हणाली... आदल्याच दिवशी काका फोनवर म्हणाले होते, "ग्रँड आहे गं बाय मी." या माणसाचं जन्मभर सगळं ग्रँडच! कोविडच्या त्या दिवसांत हॉस्पिटलात भेटायला कुणालाच सोडत नव्हते, त्यामुळे माझं शेवटचं भेटणं म्हणजे तो फोन. कॅमेरा बंद करून मी मनसोक्त रडले. आणि मग आठवलं, अरे देवा, आता दहा माणसं जमवायची आहेत.

मोशेकाका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मूळचे रेवदंड्याचे. घरचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावात 'शनवार तेली'. आम्ही नवरा-बायको डब्लिनला आलो आणि पोर्टोबेलोत भाड्याने घर घेतलं, त्याच आठवड्यात मी आईशी फोनवर तावातावाने भांडत त्यांच्या दुकानावरून चालले होते. आतून आवाज आला, "आईशी असं बोलतात होय?" मी फोन तसाच धरून आत डोकावले. शिवणयंत्रामागे गळ्यात टेप अडकवलेला एक म्हातारा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. त्या दिवसापासून सात वर्षं माझ्यावर एक हक्काचा माणूस रागावत होता. माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या पँटी आखूड करून देताना ते मला स्वयंपाकावरून बोलायचे, आणि वर्षातून एकदा पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून केलेला मलिदा ताटभर पाठवायचे.

ते आले तेव्हा ही गल्ली ज्यू लोकांची होती. बेकरी, खाटिक, शिंपी, सगळे लिथुआनियाकडून आलेल्यांचे नातू-पणतू. काका तशाच एका म्हाताऱ्या शिंप्याकडे कापड बेतायला लागले. महिनाभराने एका शुक्रवारी मालक त्यांना सिनॅगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, घेऊन गेला. तिथे नऊ पुरुष बसले होते. दहा पुरुष झाल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, असा त्यांचा नियम. काका दहावे. पण कुणी सुरूच करेना! हिंदुस्थानात कुठले आलेत ज्यू, अशी कुजबुज चालली. काका सांगायचे, "मी आपला टोपी घालून उभा. वाटलं, जमीन दुभंगली तर बरं." शेवटी मालकच कडाडला, "हा माझ्याकडे शनिवारी सुईला हात लावत नाही. तुमच्यातले किती जण असे आहेत?" मग प्रार्थना झाली.

त्यानंतर काकांनी दहावा होणं कधी चुकवलं नाही. लोक हळूहळू लांबच्या उपनगरांत गेले, गल्लीतलं सिनॅगॉग बंद झालं, काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. पण फोन वाजायचा, "मोशे, नऊ आहेत, एक कमी आहे." दारामागे काळा कोट कायम टांगलेला, खिशात टोपी तयार. शनिवारी वाहनात बसायचं नाही, म्हणून पावसातसुद्धा तीन किलोमीटर चालत जायचे. माणसं सरळ मोजायची नाहीत, दृष्ट लागते, हे त्यांना मालकाने शिकवलेलं. काकांनी ते मराठीत आणलं होतं. आमच्याकडे जेवायला माणसं जमली की ते पुटपुटायचे, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." मी हसायचे. मागे एकदा असंच पुटपुटता पुटपुटता थांबून ते म्हणाले, "मी गेलो की कद्दीशला दहा जमव, बाय. फुलंबिलं नकोत." कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. मी म्हटलं, "पंचवीस जमवते, काका." काय बोलून बसले मी!

दफन शुक्रवारीच आणि तेही सूर्यास्ताच्या आत करायचं होतं, कारण तिथून त्यांचा शनिवार लागतो. दफनभूमीत आत दहाच माणसांना परवानगी होती. रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आणि मी दिवसभर फोन करत राहिलो. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, घराबाहेर पडायची भीती. दोष कुणाला द्यायचा? रात्रीपर्यंत कसेबसे दहा पुरुष ठरले. म्हणजे मी आणि नितीन फाटकाबाहेर राहणार. चालेल, म्हटलं.

शुक्रवारी फाटकाशी उभी राहून मी बोट दाखवून मोजलं. एक, दोन, तीन... नऊ. तेवढ्यात दहाव्याचा फोन आला. निवृत्त डेंटिस्ट होते ते. सकाळपासून ताप आहे, येऊ शकत नाही, क्षमा कर. नितीन म्हणतो हा वेडेपणा आहे, पण मला अजून वाटतं की मी सरळ मोजायला नको होतं. मी रब्बींना विचारलं, कुणाला व्हिडिओवर घेऊ का? ते म्हणाले, "फोनवरचा माणूस आमच्यात धरत नाहीत." नितीन माझ्या कानात म्हणाला, "मी जातो टोपी घालून. कोणाला कळतंय?" मी म्हटलं, "काकांना कळेल."

तासभर थांबलो. उजेड उतरायला लागला. मग रब्बी फाटकाशी आले आणि म्हणाले, आत एकाची जागा आहे, तू ये. मी गेले. आत आता दहा माणसं होती आणि दहावी मी होते, जिला धरत नाहीत. नऊ जणांनी जे म्हणता येतं ते म्हटलं. कद्दीश झालं नाही. मातीची मूठ टाकताना मी मोठ्याने मराठीत म्हटलं, "काका, नाही जमलं हो मला." बाकीच्यांना कळलं नाही, पण एका म्हाताऱ्याने रुमाल काढला.

आता एप्रिल आहे. घरमालकाला काकांची खोली रिकामी करून दिली. यंत्र कुणीतरी नेलं, कोट मी आणला, आमच्या दारामागे टांगलाय. खिशातली टोपी तशीच आहे. परवा रब्बींचा फोन आला. निर्बंध सैल होतायत, तर कबरीपाशी जमू आणि राहिलेलं कद्दीश म्हणू, असं ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग ते म्हणाले, "नऊ आहेत, एक कमी आहे." आणि मी फोन कानाला धरून, वेड्यासारखी, त्या कोटाकडे बघितलं.