बुडीतातलं अंगण

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कोणत्या तोंडाने सांगतेय ते कळेल. मी शहाद्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, मशीनला लावायचं, जो आकडा येईल तो द्यायचा. ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणून भगताकडे खेटे घालून शेवटी आमच्याकडे आलेली कितीतरी माणसं मी पाहिलीत. कोणाचं हिमोग्लोबिन कमी, कोणाला कावीळ. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि खोटं कशाला बोलू, हसायचेही. आता तुम्ही हसा, माझी तक्रार नाही.

आबा म्हणजे माझे यजमान. प्रकाशा गावाजवळ आमची केळी आणि पपई आहे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही तेच लिहिते. आबांना शुगर आहे, रोज सकाळी इन्सुलिन लागतं. ते मी टोचते, कारण त्यांच्यावर सोडलं तर ‘आज बरं वाटतंय’ म्हणून तो दिवस चुकलाच समजा.

आमची लेक पुण्यात असते. गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने परस्पर बुकिंग करून टाकलं — गाइडसोबत सी-कयाकिंग, दुर्गम बेटं, वन्यजीव, तंबूत मुक्काम. आबांनी मोबाइल लांब धरून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “आपला जिल्हामा समुद्र कधय वना?”

समुद्र नाही, पण ज्यांनी ते पाणी पाहिलंय त्यांना सांगायला नको. अक्कलकुवा सोडलं की मोलगी, तिथून घाट उतरत उतरत नर्मदेच्या काठाला जायचं. सरदार सरोवराचं पाणी मणिबेलीपासून मागे आत, डोंगरांच्या घळीघळीत शिरलंय. टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले, तीच आता बेटं. वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून कयाकही समुद्रातल्याच — लांबलचक, दोन माणसांच्या. काठाच्या ज्या गावी आम्ही उतरलो त्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं आधीच पाहुण्यांच्या प्रश्नांना वैतागलीत.

आमच्यासोबत पुण्याची चार माणसं होती, दोन कयाकमध्ये. वल्हं कसं मारायचं ते शिकवायला केतकी नावाची मुलगी होती. आणि पुढे मोटारीच्या नावेत नुरजीभाऊ, तिथलेच. चाळिशीचे असतील, बोलायला मोकळे. जेवण, तंबू, आमच्या बॅगा आणि केतकी, सगळं त्यांच्या नावेत. पहिला दिवस इतका छान गेला की काय सांगू. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, एका बेटाच्या उतारावर मगर पडलेली. आबा म्हणाले लाकूड आहे, आणि ‘लाकूड’ पाण्यात उतरलं. त्यानंतर त्यांनी हात पाण्यात घातला नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात आली. नुरजीभाऊ सरळ जात नसत. समोर मोकळं पाणी, अडथळा काही नाही, आणि नाव मध्येच डावीकडे वळून मोठा वळसा घेऊन परत रेषेवर येई. मला वाटलं खडक असतील. विचारलं तर म्हणाले, “खडक नाही ताई. खाली गाव आहे ना आमचं. गाडीवाट धरून चालतो. ही इथे माझ्या काकीची पडवी, पुढे अंगण. लोकांच्या अंगणातून कसं जायचं?”

इतकं पाणी वर असताना? मी विचारलं नाही, पण तोंडावर दिसलं असावं. ते स्वतःच हसले. “सवय आहे,” म्हणाले. “माझे वडील असेच न्यायचे. सगळेच नेतात.”

आबा मागून पुटपुटले, “समोर बेट दिखी ऱ्हायनं, फेरा कसाले मारानं?” हे कोण म्हणतंय, तर आमच्या केळीतून शॉर्टकट मारणाऱ्यांच्या मागे काठी घेऊन धावणारा माणूस.

रात्री परत काठाच्या गावीच तंबूत राहिलो, दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. केतकीने ते विरेपर्यंत सगळ्यांना थांबवलं, आणि तिथेच सगळी गडबड झाली. इन्सुलिन आधीच टोचून झालेलं. पोहे तिखट म्हणून आबांनी चार घास खाऊन डिश बाजूला ठेवली होती, पुढच्या बेटावर आणखी खाणं आहेच म्हणून. त्यांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी कायम असते. लाइफ जॅकेट घालताना केतकीने खिसे रिकामे करून वस्तू बॅगेत टाकायला सांगितल्या. बॅग गेली नुरजीभाऊंच्या नावेत. मी तिथेच उभी होते. रोज दहा जणांना ‘इन्सुलिन घेतलं की खा’ सांगणारी मी.

धुकं बरंच वर गेलं, बेट दिसायला लागलं, आम्ही निघालो. मी पुढच्या बसायच्या खळग्यात, आबा मागच्या. नुरजीभाऊंनी नेहमीच्या जागी वळसा घेतला, बाकीच्या दोन कयाक त्यांच्या मागे गेल्या. आबांनी आमची सरळ ठेवली.

“आवो, ते तिकडून चाललेत,” मी म्हटलं.

“काय व्हस नही. आपन पहिले पोचसूत.”

मला पण वाटलं, काय बिघडतंय. मीही वल्हं मारत राहिले. आणि धुकं परत खाली आलं. असं आलं की मला माझ्याच कयाकचं टोक दिसेना. नुरजीभाऊंच्या मोटारीचा आवाज होता, तोही कुठे गेला कळेना.

मग मागून आबांचं वल्हं थांबलं. मी म्हटलं, मारा की. ते म्हणाले, “मन्हा हात थरथरी ऱ्हायना.” एवढंच, पण जीभ जड झाली होती. तो आवाज मला पाठ आहे. मी त्यांना विचारलं आज वार कोणता, तर म्हणाले, पपईला पाणी लावायचं राहिलं.

शुगर खाली चालली होती, ग्लुकोज दुसऱ्या नावेत, आणि बेट कुठल्या दिशेला ते माहीत नाही. मला मागे वळता येईना. त्या कयाकमध्ये जरा अंग पिळलं की ती कलंडते, आणि खाली काय आहे ते आदल्या दिवशी पाहिलेलं. मी ओरडले. शिट्टी मारली. उत्तर नाही. एकटीने वल्हं मारत राहिले, बोलत राहिले — आबा, झोपू नका, आबा, मला उत्तर द्या. ते ‘हं’ करायचे, मग तेही थांबलं.

तेव्हा कयाक कशाला तरी टेकली. खडकाला आपटते तशी नाही… काठाच्या मऊ मातीला लागते तशी, हलकेच. मला वाटलं, आलं बेट. सुटलो. मी वल्हं उभं करून खाली टेकवायला गेले. ते मुठीपर्यंत आत गेलं. खाली काही नव्हतं. तरी कयाक जागची हलत नव्हती, लाटेवरही नाही.

आणि वास आला. शेणाने सारवलेल्या जमिनीचा, आणि चुलीचा. कोंबडा आरवला, अगदी जवळ. मी सरळ समोर पाहत बसले होते. भीती वाटली का? नाही, तेव्हा नाही वाटली. मला वाटलं कोणाचं तरी घर आहे, माणसं आहेत, आता साखर मिळेल. मी मोठ्याने म्हटलं, “कोणी आहे का हो?”

उत्तर मला कोणी दिलं नाही. मागे आबा बोलायला लागले. आधी काही कळलं नाही. मग स्पष्ट — “ऱ्हाऊ द्या काकी, बस व्हयनं.” जेवायला वाढणाऱ्या बाईला आग्रह होतो तेव्हा माणूस बोलतो ना, त्या सुरात. आणि चघळल्याचा आवाज.

मी मान वळवता येईल तेवढी वळवली. डोळ्याच्या कडेला आबांचं आडवं ठेवलेलं वल्हं दिसलं, आणि धुकं. बास. ते कोणाशी बोलत होते, दिसलं नाही.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला एकदम वाटलं, इथून निघालं पाहिजे, यांना बेटावर न्यायला पाहिजे. मी वल्हं जोरात मारलं. कयाक सुटली. मागून आबा नाराज झाल्यासारखे म्हणाले, “थांब ना वं,” आणि मग स्वतःच वल्हं मारायला लागले, ठीकठाक, ताकदीने. थोड्या वेळात धुक्यातून बेटाची झाडं दिसली. आम्ही तिथे पहिले पोचलो नव्हतो. सगळे काठावर उभे राहून शिट्ट्या मारत होते. म्हणाले, मघापासून मारतोय. आम्हाला एकही ऐकू आली नव्हती.

मी आबांचं बोट धरूनच खाली उतरले आणि आधी बॅगेतून शुगर मोजायचं मशीन काढलं. शुगर ठीक होती. दुसरी पट्टी लावून पुन्हा पाहिलं, ठीक. घामाने अंगातला शर्ट चिंब, आणि शुगर ठीक. मग आबांनी खिशात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. आत मोहाची फुलं होती. सुकवून भाजलेली, मनुकांसारखी गोड लागतात ती. बाही ओली होती, फुलं कोरडी. आणि कोमट.

“कोनी दिन्हं?” मी विचारलं.

“ती काकीनी,” आबा म्हणाले. “तू बठेल व्हती ना.”

नुरजीभाऊंनी एक फूल उचलून वास घेतला, परत ठेवलं. त्यांच्या नावेत मोहाची फुलं नव्हती, तंबूतही नव्हती. घरोघर असतात, पण इकडे कोण आणणार, म्हणाले. आम्ही कुठून आलो विचारलं, मी सांगितलं की सरळ. ते नावेची दोरी बांधायला वळले. मला राग आला. म्हटलं, बोला ना काहीतरी. तर म्हणाले, “काय बोलू ताई, मला पण नाही कळत.”

आता तुम्ही म्हणाल तेच मी घरी येताना स्वतःला सांगत होते. शुगर उतरल्यावर माणूस बरळतो. काकीच्या अंगणाचं आदल्या दिवशी ऐकलेलं होतं, ते डोक्यात आलं. फुलं रात्री गावात कोणीतरी दिली असतील, खिशात राहिली असतील. पण खिसे तर माझ्यासमोर रिकामे केले होते. आणि कोमट? यावर मी रोज भांडले स्वतःशी.

आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना वेगळंच लागून राहिलं होतं. गाडीत बसल्यापासून एकच — “पानी पेवानं ऱ्हाई गयं मन्हं.” तिने खायला दिलं, मग पाणी आणायला आत वळली, आणि मी नाव हलवली. दिलेलं पाणी न पिता उठलो, असं कोणी करतं का? जेवताना म्हणायचे, मळ्यात म्हणायचे. माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. शेवटी मी नुरजीभाऊंना फोन करून विचारलं, तुमच्या काकी कधी वारल्या. त्यांचं दिवस-पाणी काही असेल तर करू, यांच्या मनाला बरं वाटेल.

ते म्हणाले, “वारल्या? काकी चांगल्या आहेत की. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत, मुलाकडे.”

म्हणजे आमच्या केळीपासून अर्ध्या तासावर. मी फोन ठेवला. मेलेली असती तर, काय सांगू, मी मानलं असतं एक वेळ. जिवंत बाईचं काय करायचं?

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. नुरजीभाऊ मोलगीहून जीपने आले. मी त्यांना वाटेत दोनदा विचारलं, काकींना आमच्याबद्दल काही सांगितलंय का. नाही म्हणाले, आणि पाण्याचं तर त्यांनाही माहीत नव्हतं. सिमेंटच्या खोल्यांची रांग, दाराशी बाभूळ, खाटेवर एक बारीक म्हातारी शेंगा सोलत बसलेली. तिला मराठी येत नाही. नुरजीभाऊ आधीच म्हणाले होते, आता तिला कालचं आणि जुनं एकच वाटतं, मनावर घेऊ नका.

तिने आबांकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं. काहीतरी बोलली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली. मी नुरजीभाऊंना विचारलं, काय म्हणाली. ते दाराकडेच पाहत होते.

“म्हणते… मी पाणी घेऊन आले, तोवर गेला होतास.”

ती तांब्या घेऊन बाहेर आली. आबांनी दोन्ही हातांनी घेतला, सगळा प्यायले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी नुरजीभाऊंना म्हटलं, विचारा, कधीची गोष्ट. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, घर होतं तेव्हाची. धुकं होतं, मोह भाजत होते, हा अंगणात येऊन बसला, तोंड पांढरं पडलं होतं. घर पाण्यात गेलं तेव्हा नुरजीभाऊ लहान होते. आबा तेव्हा सातपुडा चढलेही नव्हते.

मग तिने मला पाहिलं. पाहिलं आणि जरा रुसल्यासारखी बोलली. नुरजीभाऊ मला सांगेनात. मी म्हटलं, सांगा.

“म्हणते, हीच ना ती. मी किती वेळा म्हटलं आत ये, पण ही आपली पाठ करून बसून राहिली.”

धुक्यात मी सरळ समोर पाहत बसले होते, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आबांनाही नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मला आजही काही कळत नाही. ती जिवंत, आबा जिवंत, मी तुमच्यासमोर लिहितेय. यात मेलेलं कोणीच नाही. मग त्या धुक्यात कोण कोणाला दिसलं? लॅबमध्ये डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शुगरचं समजावून सांगितलं. ते मलाही माहीत आहे हो. कोणाला याहून जास्त कळत असेल तर जरूर सांगा.

त्या दिवशी म्हातारीने दुसरा तांब्या भरून आणला आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी चप्पल काढली, तिच्याकडे तोंड करून खाली बसले आणि पाणी प्यायले.