बोकड बघून ठेवलाय

आता काय लपवायचं तुमच्यापासून! आणि लपवून उपयोग तरी काय? पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावात जाऊन कुणालाही विचारा, माझा हा गाढवपणा ते माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतील.

मी राहतो महाडला. नोकरी औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कंपनीत, क्वालिटीला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेला माल बघायचा आणि नाक मुरडायचं. ही सवय घरीही येते. बायको म्हणते, आमटी बिघडली तर हा माणूस पातेल्याला 'रिजेक्ट'चं लेबल लावील.

आमची सायली तेव्हा नववीत. दहावीनंतर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात सायन्सला जायचं, हे तिचं तिनेच ठरवलेलं. गणित तर इतकं आवडायचं की सुट्टीतही गणितं सोडवत बसायची. सगळं छान चाललं होतं हो!

तेवढ्यात एका लग्नात आमचे ठाण्याचे साडू भेटले. पंगतीत शेजारीच बसलो. म्हणाले, "सायली नववीत ना? जपा हं. मोठी कॉलेजं हल्ली नववीपासूनचे मार्क बघतात. एकदा घसरलं की गेलं!"

माझ्या घशात जिलबी अडकली. पाणी शोधायला उठलो, आणि पुढचं ऐकायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात घटक चाचणीचे पेपर मिळाले. गणितात वीसपैकी अकरा! बायको म्हणाली, "अहो, ताप होता तिला त्या दिवशी." पण कॉलेजवाले ताप बघणार आहेत का? मला तर पुण्याच्या त्या कॉलेजचं फाटक डोळ्यांदेखत बंद होताना दिसायला लागलं. जेवण जाईना. कंपनीत दोनदा एकाच गोळीची तपासणी केली.

मग मी काय केलं असेल? शिक्षकांना भेटलो? पोरीशी बोललो? छे! सरळ गावच्या देवीला नवस बोलायला गेलो.

नवरात्राचा पहिला दिवस होता. दुपारी देवळात कुणी नसेल असा माझा हिशेब. सायली आणि बायकोला घेऊन पोचतो, तर काय, सगळी वाडी हजर! नऊ दिवसांच्या आरतीची पाळी ठरवायला मिटिंग चाललेली. मी गुरवबाबांना हळूच कोपऱ्यात घेतलं.

"बाबा, पोरीला सहामाहीत चांगले मार्क पडूदेत. गावाला जेवण घालीन."

"किती?"

"सगळ्या वाडीला."

"जेवणाचा नाय रे, मार्काचा इचारतोय. देवीला मोघम सांगून चालत नाय."

मी क्वालिटीवाला. आकडा विचारला की मला गप्प राहवत नाही. म्हणालो, "गणितात ऐंशीपैकी सत्तर."

आणि गुरवबाबांनी हात जोडून, मिटिंग थांबवून, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "हे आई! ह्या लेकराला चाचणीत वीसात अकराच पडलेत! म्हणून बापाला झोप नाय! तिला सहामाहीत ऐंशीत सत्तर पडूदेत, म्हंजे तो वाडीला मटणाचं जेवण घालील!"

मटणाचं मी बोललोच नव्हतो! पण सगळ्या वाडीने एका सुरात "होय!" म्हटलं, आता माघार कशी घेणार? सायली खांबाआड उभी होती, कानापर्यंत लाल झालेली.

आणि मग जे सुरू झालं, काय सांगू!

गावातली एक काकी महाडच्या बाजारात भाजी घेऊन बसते. सायली शाळेत जाताना तिने हाक मारली, "गो सायले, बीजगणित झालं काय? मग भूमिती कधी घेतेस?" एसटीचा कंडक्टर आमच्याच वाडीतला. त्याने भरल्या गाडीत विचारलं, "सत्तर पडतील ना गो? का साठावर अडकशील?" वाडीच्या मुंबईकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी विचारणा, "सायलीची प्रोग्रेस काय?" घाटकोपरच्या एका काकांनी तर सुट्टीसुद्धा टाकली, सहामाहीच्या निकालाच्या हिशेबाने.

मला वाटलं, वा! सगळा गाव पाठीशी आहे.

पण पोर सुकत चालली होती. ताट पुढे सारायची. पूर्वी फडाफडा सोडवायची ती गणितं तीनतीनदा खोडायची. बायको म्हणाली, "अहो, पेन्सिलीचं टोक कुरतडून संपवलंय तिने. बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं. मी तिचे सोडवलेले पेपर तपासत होतो.

गणिताच्या पेपरच्या सकाळी तिला सोडायला गेलो, तर शाळेच्या फाटकाशी वाडीतले चौघेजण उभे! पहिल्या गाडीने आलेले, हातात देवीचा अंगारा. एकाने तो सायलीच्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "घाबरू नको पोरी. आम्ही हाव ना! बोकड बघून ठेवलाय."

दिवाळी झाली, शाळा उघडली, पेपर हातात पडले. गणित, ऐंशीपैकी अडतीस.

सायली रडली नाही. त्यानेच मी जास्त घाबरलो. फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, प्रमेय आठवायला गेले की बोकडच समोर यायचा. मला नकोच ते पुण्याचं कॉलेज."

अहो, ज्या कॉलेजसाठी एवढा आटापिटा, ते पोरीने माझ्या पायी सोडून दिलं!

धावत शाळेत गेलो. तिच्या वर्गशिक्षिका बाईंपुढे हात जोडले. "बाई, काहीतरी करा. नववीचे मार्क धरले तर तिचं पुणं गेलं!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला? अकरावीचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. नववीचं प्रगतिपुस्तक तिथे कुणी मागतसुद्धा नाही."

"पण आमचे साडू..."

"साडू काय करतात?"

शाळेच्या आवारातूनच साडूंना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मी आमच्या चिरंजीवांचं सांगत होतो! त्याला परदेशात शिकायचंय, तिकडची कॉलेजं बघतात नववीपासूनचे मार्क. तुम्ही मध्येच उठलात की खोकत!"

आता बोला!

मी परत आत गेलो तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला गणित येतं हो. फळ्यावर सगळ्यांच्या आधी सोडवते. तिला फक्त तुमची भीती वाटते." खरं सांगतो, घरी चालत आलो आणि वाटेत दोनदा डोळे पुसले.

घरी येऊन सायलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हे सगळं फुकटच?"

"हो गं."

"मग हे गावात कोण सांगणार?"

तोही प्रश्न होताच! देवदिवाळीला सगळी वाडी देवळात जमली. बोकड वाटेतच बांधलेला दिसला. मी मान खाली घालून अडतीस आकडा सांगितला. घाटकोपरचे काका खालीच बसले.

गुरवबाबा म्हणाले, "कौल लावू. कसूर कुणाची ती देवीच सांगील." त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"आई, पोरीची कसूर हाय काय?"

डावी पडली. सायलीने सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला.

पुन्हा पाकळ्या लावल्या. "शाळेची हाय काय?"

डावीच.

तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "अरे, बापाचा इचार की रे!"

गुरवबाबांनी नव्या पाकळ्या लावल्या. तोंड उघडायच्या आतच उजवी पाकळी टपकन खाली!

सगळी वाडी खो खो हसत सुटली. बायको पदर तोंडाशी धरून हसत होती. आणि सायली... किती दिवसांनी हसली ती! कसूर बापाची म्हटल्यावर दंडही बापाला. म्हणजे नवस न फळता जेवण पडलंच माझ्या गळ्यात.

देवळापुढेच पंगत बसली. वाढायला अर्थात मी. सायलीच्या शेजारच्या आजीने विचारलं, "काय गो, दहावीला किती पाडशील? पुण्याला जायचंय ना?"

"जायचंय की," सायली म्हणाली.

मला राहवलं नाही. बादली हातात घेऊन मी तोंड उघडलं, "निदान नव्वद टक्के तरी..."

अख्खी पंगत खायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. गुरवबाबांचा हात तर पुन्हा पाकळ्यांकडे गेला.

सायलीने शांतपणे पत्रावळ पुढे केली. "बाबा, तुम्ही फक्त रस्सा वाढा."