ऑर्लीनच्या हातची थांबणारी मासोळी

ऑर्लीन हॅस्केटने बहात्तर वर्षांत एकही मासा पकडला नव्हता. पण पानगळीत धरणावर बास मासे धरायला उतरणारा प्रत्येक जण तिला ओळखत होता. तिच्या मागच्या ओसरीत एक पांढरं सिंक होतं, आणि धरणावरच्या निम्म्या खोट्या मासोळ्या त्या सिंकमधून पास होऊनच पाण्यात जायच्या.

या खोट्या मासोळीला जर्कबेट म्हणतात: बोटभर लांबीची, प्लास्टिकची, पोटाखाली गळ लावलेली. गळाच्या काठीला दोन हिसके दिले की ती घायाळ झाल्यासारखी इकडेतिकडे तडफडते. मग हात थांबवायचा. खरी कसोटी या थांबण्यात असते. थांबलेली मासोळी वर तरंगत गेली, तर बास तिच्याकडे नुसता बघतो आणि वळतो. खाली बुडाली, तरी त्याला संशय येतो. जिथल्या तिथे, नाक जरासं खाली करून लटकत राहिली, तरच तो तोंड उघडतो. हल्ली तशी लटकणारी मासोळी दुकानात तयार मिळते, खोक्यावर तसं छापलेलंही असतं. पण धरणावरचा बोटवाला हर्शेल स्ट्राउड म्हणायचा, "खोक्यावरचं पाण्याला कुठं वाचता येतंय?"

ऑर्लीनचा नवरा वेंडल लाकडाच्या गिरणीत कामाला होता. त्याची बोटं जाड. मासोळी जागीच थांबावी म्हणून गळाच्या दांडीवर वजनाला शिशाची बारीक तार गुंडाळणं त्याला जमेना. ऑर्लीन गोधड्या शिवायची. एका रविवारी त्याच्या हातातून तिने ती मासोळी काढून घेतली, तारेचे चार वेढे दिले, सिंकमध्ये सोडली, पाहिलं, अर्धा वेढा कापला. मासोळी उभी राहिली. त्यानंतर चाळीस वर्षं हेच चाललं. लोक पायरीवर आपापली मासोळी ठेवून जात आणि न्यायला येताना हरणाचं मांस, मधाची बाटली नाहीतर रताळी आणत. वेंडल गेल्यावरही त्यात खंड पडला नाही.

ऑगस्टमध्ये ती मुलीकडे, रोंडाकडे, गावात राहायला आली. जुन्या घराच्या पायऱ्या आता गुडघ्यांना झेपत नव्हत्या. तार आणि पकड तिने बरोबर आणली. काम रोंडाच्या स्वयंपाकघरात सुरू झालं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हर्शेल आला. हा बाहेरगावच्या लोकांना बोटीतून मासेमारीला नेणारा, पन्नाशीचा, एरवी तोंडाची टकळी न थांबणारा माणूस. त्या दिवशी त्याने कॉफी घेतली, अक्रोडांचं पीक कसं आहे ते सांगितलं, रोंडाच्या कुत्र्याची चौकशी केली. मग खिशातून दोन मासोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ऑर्लीनबाई, या पाण्यात वर येतायत."

हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. फक्त त्याच्याच नाही, सगळ्यांच्याच वर येत होत्या. सांगायला कोणी धजेना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याचं नाव निघालं. दहा दिवस कोणी फिरकलं नव्हतं. ऑर्लीनला वाटलं होतं, सगळे हरणांच्या शिकारीला गेले असतील. खरं तर ते लोक दुकानातून तयार माल घेत होते, गुपचूप, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रोंडा भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, आता पुरे की. डोळे तेच राहिलेत का, हात तेच राहिलेत का?"

 ऑर्लीनलाही तीच भीती होती. गेल्या वर्षी शिवणकाम सुटलं होतं. हे एकच काम उरलं होतं ज्यासाठी माणसं तिचं नाव घेऊन दार वाजवत. तिने सिंक भरलं आणि दोन्ही मासोळ्या सोडल्या. दोन्ही खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. हर्शेल वाकून बघत राहिला.

"इथं तर शहाण्यासारख्या वागतायत."

"उद्या मला धरणावर ने," ऑर्लीन म्हणाली.

वेंडलने तिला कधी बोटीत घेतलं नव्हतं. बोलणारं माणूस बोटीत नको, असं तो म्हणायचा. आणि तीही म्हणायची की दिवसभर न बोलणाऱ्या माणसाबरोबर बसायला तिला कोणी पगार देत नाही.

सकाळी आठला ते धरणाला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या तोंडाशी पोचले. धुकं विरत होतं. लहान शॅड मासोळ्यांचे थवे ओढ्यात शिरले होते आणि त्यांच्यामागे बास. हर्शेलने बोट थांबवली. ऑर्लीन बोटीच्या काठावरून वाकली आणि कालच्यातली एक मासोळी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली. क्षणभर ती थांबली, मग सावकाश वर आली.

तिने ती पुन्हा खाली धरली. पाण्याचा गारठा मनगटापर्यंत चढला, बोटांचे सांधे ठणकू लागले, आणि तिने हात झटकन मागे घेतला. मग बराच वेळ त्या हाताकडे बघत बसली.

ओसरीतल्या सिंकला एकच नळ होता, विहिरीच्या गार पाण्याचा. रोंडाकडे दोन होते. सांधे दुखतात म्हणून ऑगस्टपासून ती गरम नळ अर्धा सोडत आली होती. जानेवारीत वेंडल एक वेढा जास्त मागायचा, गार पाणी मासोळीला वर ढकलतं म्हणायचा. ती वेढा द्यायची आणि ऐकून सोडून द्यायची.

"हात नाही चुकले, हर्शेल," ती म्हणाली. "हातांचे लाड चुकले."

तिने त्याला कोमट पाण्याचं सांगितलं. हर्शेलने टोपी मागे सारली.

"हे कशाला कोणाला सांगायचं? मी म्हणतो, यंदा पाणीच विचित्र आहे."

"असलं काही म्हणायचं नाही. मी कोमट पाणी घेतलं, असंच सांग. आणि ऑगस्टनंतरच्या सगळ्या परत आणायला सांग. गार पाण्यात माझी बोटं दिवसाला तीन-चारच करतील, तेवढं थांबावं लागेल."

"थांबतील. थांबायची सवय आहे त्यांना."

तिने तार काढली, दोन वेढे दिले आणि मासोळी पाण्यात सोडली. हर्शेलने मोठ्याने दहापर्यंत मोजलं. मासोळी हलली नाही. अकरा म्हणायची गरजच पडली नाही.

"तुझ्या पेटीत अजून किती आहेत?"

"नऊ. पण तुम्ही आत्ताच म्हणालात ना, तीन-चारच."

"आजच्यापुरतं माझं ऐकू नकोस. दे."

प्रत्येक मासोळीनंतर ती बोटं थर्मासमधली कॉफी ओतलेल्या गरम झाकणाभोवती धरायची, मग पुढची घ्यायची. ओढ्याच्या तोंडाशी बास पाणी फोडत होते, अगदी काठी पोचेल इतक्या जवळ. हर्शेलने काठी उचललीच नाही. वारा बोट फिरवू बघत होता, आणि तिचं काम मोडू नये म्हणून हर्शेल पायाने मोटर दाबून बोट एका जागी धरून बसला होता.