हद्दवाढीसाठी लालबागला

परळच्या एसटी डेपोत उतरले तेव्हा माझी कंबर पार मोडून आली होती, पण मन लग्नाला निघाल्यासारखं टवटवीत होतं. एका पिशवीत सुके बांगडे, सोलं आणि कुळथाचं पीठ. दुसरीत नगरपालिकेच्या हद्दवाढीचा गुंडाळलेला नकाशा. गाडीत शेजारच्या बाईने पहिली पिशवी वासावरून ओळखली आणि दुसरीत काय आहे ते विचारलं. "आमचं गाव आहे त्यात," मी म्हटलं. पुढच्या थांब्यावर तिने जागा बदलली.

मी सातेरीवाडीची सरपंच. आमचं गाव तालुक्याच्या शहराला इतकं चिकटलेलं की तिथल्या सिनेमाची गाणी आमच्या गोठ्यात ऐकू येतात. शहर वाढलं तसं नगरपालिकेने हद्द वाढवून आम्हांलाही आत घ्यायचं ठरवलं. त्यातच धरणावरून प्रादेशिक नळपाणी योजना (एकाच धरणातून आसपासच्या वस्त्यांना पाणी) मंजूर झालेली. तिची मोठी पाइपलाइन आमच्या शिवेवरून जाणार, पण नळ मिळणार तो हद्दीतल्यांनाच. शिमगा झाला की आमच्या बाया कळशा घेऊन उतार उतरून विहिरीला जातात आणि धापा टाकत वर येतात. मीही त्यातलीच. मला तो नळ हवा होता.

गावात बहुतेकांचा होकार होता. पण आमच्याकडे देवळाची कौलं बदलायची झाली तरी मुंबईकरांना विचारावं लागतं, मग हे तर सबंध गावाचं प्रकरण. लालबागच्या चाळीत आमची 'गावाची खोली' आहे; गिरणीत कामाला आलेली गावची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथेच पथारी पसरत आली. तिथल्या मंडळाने हद्दवाढीला नकार कळवला होता. मुंबईचा नकार म्हटल्यावर ग्रामसभेत निम्मे हात वर होणार नव्हते आणि ठराव बारगळला असता. घरचे म्हणाले, कशाला जातेस, पत्र पाठव. पण मला समजावणं सोपं नाही.

परळहून लालबागला चालतच गेले. गिरण्यांची धुराडी उभी होती, धूर मात्र नव्हता. संप होऊन बरीच वर्षं लोटली होती. रस्ता मात्र गजबजलेला. फुटपाथवर भाजी, चिवड्याचे ढीग, आणि मसाल्याच्या गल्लीत तर मी शिंकून शिंकून बेजार झाले. डोळे पुसत वर पाहते तो डंकापाशी (मसाला कुटायचं यंत्र) वासूदादा उभे, भुवयासुद्धा मिरचीने लाल. हे मंडळाचे अध्यक्ष आणि हद्दवाढीचे पहिले विरोधक. पूर्वी साचेखात्यात (गिरणीत माग चालतात तिथे) होते. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हापासून डंकावर काम.

"सरपंचबाय, इलास? चाय घेवा. पण हद्दवाढीचा नाव काढूचा नाय."

"मगे मी काय राणीची बाग बघूक इलंय?"

ते हसले. माणूस मोठा गोड, फक्त हटवादी.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. त्यांच्या बायकोने, सुमतीवहिनीने, असे कुरकुरीत बोंबील तळले होते की मी हद्दवाढ, नळ, नगरपालिका सगळं विसरून चौथी भाकरी मागितली. जेवताना वासूदादा म्हणाले, "गिरणी गेली. आता कोणी इचारल्यान, तू खयचो, तर सातेरीवाडीचो म्हणान सांगतंय. उद्या काय सांगू? अमक्या प्रभागाचो?"

चौथी भाकरी अर्धी ठेवून मी हात धुवायला उठले.

मोरीशी हात धुताना वहिनी हळूच म्हणाली, "ह्येंका गावाक जावन ऱ्हवचा आसा. रोज तोच जप. मीच नाय म्हणतंय. हयसर नळ सोडलो की पाणी येता गो. ह्या वयात मी कळशे वाहूक जावची नाय." नवऱ्याच्या मंडळाविरुद्ध मात्र ती चकार शब्द बोलणार नव्हती.

सभा संध्याकाळी होती आणि तात्यांना गिरगावहून आणायचं काम मी अंगावर घेतलं. तात्या आमचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं (सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी) घालायचा मान त्यांच्या घराण्याचा; त्यांच्याशिवाय खोलीत सभा होत नाही. मी बसमध्ये चढले आणि कंडक्टरलाच हद्दवाढ समजावू लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिकीट फाडायच्या वेळी म्हणाला, "मावशी, गिरगाव तिकडे राहिलं. ही माझगावला चालली."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही श्वास घेतला असता तर सांगितलं असतं ना!"

सगळी बस हसली, मीही हसले. माझगावला उतरून परतीच्या बसची वाट पाहत उभी राहिले. तिथल्या पाट्या वाचताना मनात आलं, हे एके काळी गावच असणार. परळ, नायगाव, गिरगावही. मुंबईने सगळ्यांना पोटात घेतलं, पण नावं पाटीवर आहेतच की! मला इतका आनंद झाला की समोरच्या इराण्याकडे जाऊन मी एकटीने ब्रुन-मस्का आणि चहा मागवला. वासूदादांच्या 'उद्या काय सांगू'चं उत्तर सापडलं होतं.

तात्या गिरगावच्या चाळीत गॅलरीत बसून माझीच वाट पाहत होते. त्यांना मी बसमध्येच माझ्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मी कोणाच्या बाजूक नाय गो. मी फक्त गाऱ्हाणा घालतलंय."

सभेला खोली गच्च भरली. पुरुष आत, बायका गॅलरीत. मी नकाशा जमिनीवर पसरला, पाइपलाइन दाखवली, आणि मग ऐटीत माझगाव-परळचं उत्तर काढलं. नावं कुठे गेली, सांगा!

वासूदादा शांतपणे म्हणाले, "नाव ऱ्हवला. गाव खय ऱ्हवला?"

झालं! सभा त्यांच्या बाजूला कलली. कोणी म्हणे घरपट्टी वाढेल, कोणी म्हणे घराला पडवी काढायलाही परवानगी लागेल. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. चहा दोनदा फिरला, निर्णय काही होईना. सकाळचा सगळा उत्साह उतरला आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. रिकाम्या हाताने त्या विहिरीवर कोणत्या तोंडाने जाणार होते मी?

शेवटी तात्या नारळ घेऊन उठले. "ठराव होवंदे नायतर नाय, देवाक सांगल्याशिवाय उठूचा नाय." सगळे हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाण्यात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा, बाये सातेरी!"

"व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेकरां पोटासाठी लांब इली आसत, त्येंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येचो कामधंदो गेलो, त्येच्या हाताक काम दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझो गाव आता नगरपालिकेत जाता हा, त्येका नळाचा पाणी मिळांदे, आणि तुझी पालखी आसा तशीच नाचांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोली दणाणली. सगळ्यांत मोठा आवाज वासूदादांचा. तात्यांनी त्याच दमात नारळ फोडला. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"ह्यो काय ठराव नाय!" एकजण ओरडला.

गॅलरीतून सुमतीवहिनीचा आवाज आला, "देवीसमोर व्हय म्हटलास हां! आमी सगळ्यांनी आयकला!"

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. देवाला दिलेला होकार परत घेणारा माणूस आमच्या गावात जन्मायचा आहे. वासूदादांनी कपाळावर हात मारून घेतला, तात्या खोबरं वाटत सुटले, आणि बायकांनी काळ्या वाटाण्याची उसळ अन् घावन्यांची चळत आत आणली. मी किती घावने खाल्ले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दादरहून माझी गाडी होती. वासूदादा पोचवायला आले. मी फुलबाजारातून देवीसाठी वेण्या घेतल्या आणि जरा चिडवलंच त्यांना, कसे फसलात म्हणून.

"फसलंय?" ते म्हणाले. "जन्मभर व्हय म्हणत इलंय. तात्या काय मागता हा ता माका कळना नाय होय?"

"मगे इतके भांडलास कित्याक?"

गाडीने हॉर्न दिला. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गज धरून उभे राहिले. "गिरणी बंद झाली, तेवा तुमचा काय म्हणणा म्हणान आमका कोणी इचारल्यान नाय. दरवाजो लावलो आणि झाला. तू नकाशो घेवन दारात इलंस, तेवाच माझा व्हय झाल्ला. पण कधी नव्हे ता कोणी इचारूक इला गो. जरा नाय म्हणान बघलंय."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. तेवढ्यात गाडी सुटली.

ग्रामसभेत ठराव झाला, सगळे हात वर. पण नगरपालिकेत गेल्यावर मी साहेबांना बजावलं की नळ कुठे हवेत ते कचेरीत बसून ठरवायचं नाही, दारोदार येऊन विचारायचं. ते आले बिचारे, छत्री घेऊन, माझ्या मागे मागे उन्हात. वासूदादांच्या गावातल्या घरापाशी मी थांबले आणि मोरीजवळची जागा दाखवली.

"इथे तर कुलूप आहे," साहेब म्हणाले. "राहतं कोण?"

"येतायत," मी म्हटलं.