चेहरा सरळ दिसेल असा फोटो

दिवाळीच्या आधी भाऊ जालन्याला आला, तो खास मोबाइल घ्यायला. तो टेंभुर्णीला शेती करतो, मी लग्न झाल्यापासून इथेच, जालन्यातल्या मस्तगडात राहते. त्याचा जुना फोन पार भरून गेला होता. फोटो काढायला गेलं की 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी यायची. दुकानात मीही त्याच्यासोबत गेले. दुकानदारानं चौसष्ट जीबीचा दाखवला, एकशे अठ्ठावीसचा दाखवला.

"रोजच्या वापराला चौसष्ट बराबर होतो," तो म्हणाला, "पण लोकांना पुरत नाही. पुसायचा कंटाळा येतो."

भावानं एकशे अठ्ठावीसचा घेतला. जुन्या फोनमधलं सगळं, काहीही न पुसता, नव्यात भरून घेतलं आणि खुशीत गाडीत बसला. "आता चार-पाच वर्षं चिंता न्हाई, ताई," म्हणाला.

त्याच थंडीत आमची आत्या हरवली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला धावडा गावाकडे दिलं होतं. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा तापानं गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आई शेतात जायची, त्यामुळे आम्हा बहीणभावाला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, शाळेत धाडणं हे सगळं आत्यानंच केलं. आई-वडील गेल्यावर घरात भाऊ, भावजय, त्यांच्या दोन मुली आणि आत्या एवढेच उरले. अंगानं काटक, उंच. हनुवटीवर गोंदण आणि उजव्या भुवईतून गेलेला विळ्याचा व्रण. तिच्या चेहऱ्यातलं काय लक्षात राहतं असं कोणी विचारलं तर आम्ही हेच सांगितलं असतं.

वर्षभरापासून तिचं डोकं नीट चालत नव्हतं. विकून किती तरी वर्षं झालेल्या म्हशीची धार काढायची राहिली म्हणून ती तांब्या घेऊन गोठ्यात जायची. दुपारी पिशवी भरायची. भावजयीला म्हणायची, "मला सासरी पोचवून या, ते लोक वाट पाहून राह्यले." तिकडे आता ओळखीचं कोणीही उरलं नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढतच जाणार, नजर ठेवा. भावजय नजर ठेवायची. दाराला कडी लावून मगच नळावर जायची. पण माणूस किती वेळ राखण करणार? एका सकाळी, घरातले उठायच्या आत, आत्यानं आतली कडी काढली.

भावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"ताई, आत्या तुझ्याकडं आली का गं?"

"इकडे? एकटी कशी येईल?"

"सकाळपासून दिसून न्हाई राह्यली. मळा पाह्यला, विहिरी पाह्यल्या. कुणी म्हणतं स्टँडवर उभी व्हती."

मी मिळेल त्या एसटीनं टेंभुर्णी गाठली. तोवर गावातली माणसं मोटारसायकली घेऊन चारी रस्त्यांना गेली होती. भाऊ आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. जमादार भला माणूस होता. त्यानं शांतपणे सगळं लिहून घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "आता फोटो द्या. अलीकडचा. चेहरा सरळ दिसला पाह्यजे. लगेच सगळीकडं पाठवतो."

भावाच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. निदान ही एक गोष्ट तरी सोपी आहे असं त्याला वाटलं असणार. आम्ही बाकावर बसलो आणि तो फोटो सरकवू लागला.

पीक विम्यासाठी काढलेले सोयाबीनचे फोटो. तेच शेत, तोच कोपरा, पाच-सहा वेळा. खताच्या गोणीवरचा दर. बँकेच्या पासबुकाचं पान. मुलींचे वाढदिवस. सकाळच्या नमस्काराचे गुलाब, उगवता सूर्य, देवांचे फोटो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर. ट्रॅक्टर पुढून, ट्रॅक्टर मागून. मध्येच चुकून निघालेल्या स्वतःच्या चपलेच्या फोटोंची रांगच रांग. तो वर सरकवत होता, मी बाजूने वाकून बघत होते. आत्या नव्हती. म्हणजे होती, पण एकदा चुलीपुढची पाठ. एकदा ताट पुढे करणारा हात, मनगटात दोन बांगड्या. केक कापणाऱ्या भाचीच्या मागे अर्धा पदर. एका व्हिडिओत तिचा नुसता आवाज होता, "दिवा फुंकून इझवू नका गं, पोरींनो." कॅमेरा मेणबत्तीवरच होता.

"असंल, असंल," भाऊ म्हणत राहिला. "एवढे फोटो हाईत. असंलच."

भावजयीला फोन लावून तिच्या मोबाइलमध्ये बघायला सांगितलं. मी माझा उघडला. माझ्याकडे एक होता, त्यात तिनं तळहात तोंडापुढे धरला होता. फोटो काढायला लागलं की ती असंच करायची. "मला कशाला गं," म्हणायची आणि उठून आत जायची. तरुणपणी विधवा झालेली बाई. लग्नकार्यात, ओटी भरताना, जोडप्यांचे फोटो निघताना तिला बाजूला व्हायला सांगायचे. पुढे कोणी तसं सांगेनासं झालं, पण तोवर तिला स्वतःहून बाजूला व्हायची सवय लागली होती. आम्ही हाक मारली तरी ती भांडी पुढ्यात ओढून बसायची.

भावजय धावत ठाण्यात आली ती आधार कार्ड घेऊन. त्याच्यावरचा फोटो धुरात काढल्यासारखा होता. जमादारानं तो उजेडात धरला, तिरका करून पाहिला. "ही कुणीही बाई होऊ शकती," तो हळूच म्हणाला. तरी त्यानं ठेवून घेतला.

सरतेशेवटी भावाला एक सापडला. चुलत भावाच्या लग्नातली पंगत. पंगतीच्या टोकाला वाढताना आत्यानं कोणाच्या तरी हाकेवर मान वर केली होती. चेहरा समोर होता, पण हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बोटांनी मोठा केला की त्याचे चौकोन व्हायचे.

तो फोटो घेऊन मी रात्रीच जालन्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या गल्लीजवळच्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं तो संगणकावर घेतला. "साफ करून देतो," म्हणाला. पडद्यावर चेहरा मोठा झाला, मग त्याच्यावर काहीतरी फिरलं आणि एकदम एक बाई दिसायला लागली. गोरटेली, गुळगुळीत, जरा हसरी. हनुवटीवर गोंदण नव्हतं. भुवया अखंड होत्या.

"ही अशी दिसत नाही," मी म्हणाले.

"ताई, मूळ फोटोत आहेच तेवढं. बाकीचं मशीन आपल्या मनानं भरतं. पण लोकांना अंदाज तर येईल."

डोळे मात्र तिचेच वाटत होते. किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. रात्रभर थंडी कडाक्याची पडली होती आणि ती कुठेतरी उघड्यावर होती. नवा फोटो कुठून आणणार? त्यानं फोटोवरच वरती 'हरवल्या आहेत' असं लाल अक्षरांत टाकलं, खाली भावाचा नंबर. गोंदण, व्रण, हिरवं लुगडं, उंची हे सगळं मी खाली वेगळं टाइप केलं आणि पाठवून दिलं.

तो फोटो किती जणांकडे गेला ते मला सांगता येणार नाही. गावाचे ग्रुप, तालुक्याचे ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचे ग्रुप. आमचे घरमालक मारवाडी, त्यांनी व्यापाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तोच फोटो मला अनोळखी नंबरावरून परत आला. त्याच्याखालचा मजकूर गळून गेला होता. पुढे पाठवताना कोणी तरी नुसता फोटोच उचलला होता, आणि मग तसाच तो फिरत राहिला.

फोन मात्र येत होते. भोकरदनच्या स्टँडवर बसलीय. जाफराबादच्या मंदिरापाशी आहे. भाऊ प्रत्येक ठिकाणी गेला. कोणी वेगळीच म्हातारी असायची, कोणी नसायचंच. तो परत यायचा, पाणी प्यायचा आणि चार्जर लावून अंगणात बसायचा.

तीन-चार दिवसांनी मी पुन्हा टेंभुर्णीला गेले असताना ठाण्यातून फोन आला. धावड्याच्या पुढे कापूस वेचणाऱ्या बायांना तुरीच्या शेताच्या बांधाला एक म्हातारी पडलेली दिसली होती. जिवंत नव्हती. "फोटो पाठवलाय, बघून सांगा," जमादार म्हणाला.

मी भावाच्या शेजारीच उभी होते. त्यानं तो उघडला. फोटो स्वच्छ होता. वरून, अगदी समोरून काढलेला. डोळे मिटलेले. गोंदणाचे ठिपके मोजता आले असते. भुवईतल्या व्रणात मातीचे कण अडकले होते.

"हीच," भाऊ म्हणाला. फोनमध्ये नाही, मला म्हणाला. मग खाली बसला. जमादाराला मीच सांगितलं.

आम्ही तिला आणायला गेलो. ती सासरच्या वाटेला लागली होती हे तोवर आम्हाला कळून चुकलं होतं. कुठल्या तरी काळीपिवळी जीपमध्ये बसून निम्मी वाट गेली असेल, बाकीची चालत. डॉक्टरांनी सांगितलं, उपासमार आणि थंडी. कागदपत्रं होईपर्यंत आम्ही दवाखान्यासमोरच्या एका लिंबाखाली थांबलो. तिथे एक बाई बराच वेळ लांब उभी होती. माझ्याच वयाची, डोक्यावरून पदर घेतलेली. शेवटी ती जवळ आली.

"त्या माझ्या ओट्यावर बसल्त्या," ती म्हणाली.

भावानं मान वर केली.

"शेतातच घर हाय आमचं. सकाळच्या पारी आल्त्या. म्हणल्या, इथं माझं सासर हाय. चहा दिला, भाकर दिली. अर्धी खाल्ली, अर्धी पदरात बांधली. मला ग्रुपवरचा फोटो आठवला. काढून पाह्यला. फोटोतल्या बाईच्या हनवटीला गोंदण न्हाई, ह्यांच्या व्हतं. भुवई पण तशी न्हाई. म्हणलं ही दुसरीच असंल."

ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तरी म्हणलं, ह्यांचा एक फोटो काढावा अन् त्या नंबरावर धाडावा. ते लोकच सांगतीन. तर मोबाइल म्हणला जागा न्हाई. मी बसले पुसत. ते रोज सकाळचे फुलांचे येतात ना, ते. देवाचे. भाच्याच्या लग्नाचे. कोणता पुसावा, कोणता ठिवावा. पुसू राह्यले, पुसू राह्यले, अन् वर पाह्यलं तर ओटा मोकळा."

"पाह्यलं न्हाई का मंग?" भावानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"पाह्यलं ना, भाऊ. रस्त्यापर्यंत पळत गेले. तुरी डोक्याएवढ्या. कुठं शिरल्या, दिसंना." मग ती रडायला लागली. "नुसता फोन लावला असता तरी झालं असतं. एवढं कसं सुचलं न्हाई मला. फोटोच डोक्यात बसला व्हता."

मी तिचा हात धरला. तिनं आत्याला भाकर दिली होती एवढंच मी सारखं मनात घोळवत होते. भाऊ म्हणाला, "चहा घेतला ना तिनं?"

"दोनदा."

"साखर लई लागायची तिला."

"व्हय. मागून घेतली."

तिला टेंभुर्णीला आणलं आणि मळ्यात दहन केलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी भावजयीनं मला बाजूला घेऊन विचारलं, फोटोची चौकट आणायची तर त्यात लावायचं काय? स्टुडिओतला लावायला भावानं साफ नकार दिला. "त्या बाईला मी ओळखत न्हाई," म्हणाला. पंगतीतला छापून पाहिला, तो नुसता डाग आला. ठाण्यातून आलेल्या फोटोचं नाव कोणीच काढलं नाही. शेवटी पाटावर दिवा ठेवला आणि त्याच्यापुढे तिच्या दोन बांगड्या. आलेल्या पाहुण्यांपैकी एक-दोघांनी विचारलं, "फोटो न्हाई लावला?" भाऊ 'न्हाई' म्हणाला आणि पत्रावळी मांडायला निघून गेला.

ठाण्यातून आलेला तो फोटो त्याच्या फोनमध्ये अजून आहे. एकदा मी म्हणाले, "काढून टाक रे." तो म्हणाला, "त्याच्यात तरी ती सरळ दिसती."

'हरवल्या आहेत' मात्र थांबलं नाही. सापडल्याचा निरोप आम्ही सगळ्या ग्रुपवर टाकला होता, पण तो फोटोच्या मागे पोचत नाही. तुरी निघाल्या, उन्हाळा आला, तरी लातूरहून, नाशिकहून फोन यायचे. "आजी सापडल्या का हो?" भाऊ 'सापडल्या' एवढंच म्हणायचा. लोक आनंदानं "बरं झालं, बरं झालं" म्हणून फोन ठेवायचे.

मे महिन्यात मी माहेरी गेले होते तेव्हा असाच एक फोन आला. परभणीच्या स्टँडवरून कोणी तरी माणूस बोलत होता. आवाज मोठा होता, मला शेजारी ऐकू येत होता.

"तुमच्या फोटोतली बाई इथं बसलेली आहे. अगदी तशीच आहे. बिलकुल तशीच."

भावानं सांगितलं नाही की आमची गेली.

"काय घातलंय त्यांनी?"

"साडी आहे निळी. पाय सुजलेत. विचारलं तर काही सांगत नाहीत."

"तुम्हाला गाडीला जायचंय का?"

"हो, लागलीय गाडी."

"ती जाऊ द्या. तुमचा खर्चा मी देतो. पोलीस येईपर्यंत त्यांच्याजवळून हलू नका. अन् फोनकडं बघत बसू नका, दादा, त्यांच्याकडं बघा."

तो माणूस बरं म्हणाला. भावानं ठाण्यातल्या त्या जमादाराला फोन लावून परभणीला कळवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो अंगणात फोन मांडीवर घेऊन बसला होता. परभणीहून जमादाराला काहीच निरोप आला नव्हता, मग त्यानं स्वतःच त्या माणसाचा नंबर लावला. तो बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंदच होता.