वठारातली वरची पायरी

चिकपेठेमागच्या वठारात, म्हणजे चाळवजा वाड्यात, तीन बिऱ्हाडं, एक नळ आणि शारदाबाईंचा दरारा. यजमान गुंडूरावांचं कापडाचं दुकान. घराणं तीनशे वर्षं बेंगळुरातलंच, तरी घरात मराठी. शारदाबाईंची शाळा तिसरीत सुटली आणि तेव्हापासून जगाबद्दलची त्यांची मतं पक्की झाली. ती मोडायला त्यांच्याच पोटी क्षमा जन्माला आली.

सत्तावन्न साली क्षमा कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होती. सगळ्या देशांनी मिळून एक कायदा मानावा का, यावर म्हैसूरला वादविवाद स्पर्धा होती आणि क्षमाला ‘मानावा’ या बाजूनं बोलायचं होतं. पण तिथं मुक्काम करावा लागणार होता. गुंडूरावांनी नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. “आईला विचार.”

आईनं कपाळाला हात लावला. “एका घरात दोन सुना नांदत नाहीत, तिथं एवढे देश नांदणार? इंग्रज आत्ता कुठं गेला. पुन्हा कुणाला डोक्यावर बसवायचं?”

“कुणीच बसत नाही, आई. सुरक्षा परिषदेत अध्यक्षाची खुर्ची दर महिन्याला दुसऱ्या देशाकडं जाते.”

“आणि महिना संपला की पहिला उठतो? मुकाट्यानं?”

“उठतो.”

शारदाबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. पण रोज दुपारी त्या भाजी निवडत, क्षमा पुस्तक वाचून दाखवी आणि दोघी तावातावानं भांडत. भांडायला बसणाऱ्या शारदाबाई हळूहळू ऐकायला बसू लागल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

नवरात्रात इकडं पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सगळ्यांत वरची पायरी असते माहेरून आलेल्या लाकडी राजाराणीची. काही वर्षांपूर्वी वठारानं ओट्यावर एकच मांडणी करायचं ठरवलं होतं. वर जोडी कुणाची, यावरून कन्नड कावेरम्मा, तेलुगू सत्यवती आणि आपल्या शारदाबाई अशा काही जुंपल्या की शारदाबाई आपले राजाराणी उचलून घरात गेल्या. तेव्हापासून तीन घरांत तीन मांडण्या. कावेरम्मांच्या प्रसादाची उसळ पुन्हा त्यांचा उंबरठा ओलांडून आली नाही. शारदाबाईंना याचं वाईट वाटे. फार वाटे. पण बोलणार कोण?

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याच बोलल्या. नळावर घसा खाकरून म्हणाल्या, “दिवस नऊ, घरं तीन. तीन-तीन दिवस एकेकीची जोडी वर. मग मुकाट्यानं खाली.”

“पहिले तीन दिवस कुणाचे?” कावेरम्मांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

शारदाबाईंनी आपली घागर बाजूला सरकवली. “तुमचे. माझे शेवटी.”

“सरी, शारदाक्का,” असा कन्नडमधून होकार देत कावेरम्मांनी घागर खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला. सत्यवती तर डोळेच पुसू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी शारदाबाई दारातून टक लावून बघत होत्या. कावेरम्मा खरंच आल्या, आपली जोडी उतरवून त्यांनी सत्यवतीची वर बसवली आणि हसत स्वयंपाकाला निघून गेल्या. संध्याकाळी घरात उसळ आली.

ती खाता खाता शारदाबाई म्हणाल्या, “क्षमा, जा म्हैसूरला. आणि तिथं कुणी म्हणालंच, एका घरात दोन सुना नांदत नाहीत, तर त्याच्यावर चिडू नकोस.”

“मग काय करू?”

“सांग, माझी आईपण असंच म्हणायची.”