सोयाबीन भरून गेलेली चित्रं

मंगळवार. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

लातूरची जगदेवीआक्का गेली. आणि तिची सगळी चित्रं सोयाबीन भरून ट्रकमध्ये गेली.

नीट सांगते.

सुट्टीला मी नांदेडहून आसपासचे कलाकार शोधत फिरते, तुम्हाला माहीत आहे. धबधब्याचे आवाज रेकॉर्ड करणारा इस्लापूरचा माणूस, जुन्या पत्र्यांवर काम करणाऱ्या किल्लारीच्या बाई, सगळे इथेच दाखवले होते.

आक्का सापडली भावाच्या धान्याच्या आडत दुकानामागच्या खोलीत.

"चित्रं कुठे आहेत?" मी विचारलं.

"तू बसलीस त्याच्यावर."

मी ताडकन उठले.

"बस गं. पोतंच हाय."

फाटक्या पोत्याचं एकेक भोक ती दाभणाने, दुसऱ्या पोत्याचे धागे ओढून भरायची. उजेडासमोर धरलं की त्या भरलेल्या जागा दिसायच्या. कुठे नदी, कुठे गुरांची वाट. एकात नुसताच अंधार.

रंग नाही. कात्री तर नाहीच.

"फ्रेम करू या?"

"पोत्याला पोतंच राहू दे. कापलं की मेलं."

"घरी काय म्हणतात?"

"आक्का पोती शिवत बसती म्हणतात. खोटं काय हाय त्यात?"

लई मिनतवाऱ्या केल्यावर प्रदर्शनाला हो म्हणाली. घरी अजून सांगितलं नव्हतं. नांदेडला हॉल ठरला.

आणि मागच्या आठवड्यात दुपारी चहा पिता पिता गेली.

आज तिच्या घरच्यांना भेटायला गेले. पोतीही आणायची होती.

खोली रिकामी.

तिचे भाऊ मन्मथअप्पा म्हणाले, "सीझन सुरू, बारदाना कुठं मिळंना. मागची खोली उघडली तर पोत्यांची थप्पी लागलेली! सोयाबीनचा अख्खा ट्रक भरला, एक दाणा सांडला न्हाई बघा, मॅडम."

मग उपरण्याने डोळे पुसले.

"सगळे म्हणायचे, रिकामी बसती. जाता जाता दुकानाचं काम करून गेली की हो आक्का."



"ट्रक कुठे गेला?" एवढंच विचारलं.

"तेलाच्या मिलला. का?"

"सहज."

माझ्या फोनमध्ये दोन फोटो आहेत. उजेड नीट आलेला नाही. पोत्यांचे फोटो वाटतात.

अप्पांना सांगितलं तर हा माणूस जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. नाही सांगितलं तर आक्का त्यांच्या लेखी पोतीच शिवत राहील.

तिला तेच चालणार होतं का? की मी माझ्या सोयीने तसं समजतेय?

अप्पा फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहिलं. तेही बरोबर केलं की नाही, कळत नाही. त्यांना कोणी ओळखत असाल तर कृपया हे त्यांच्याजवळ बोलू नका.

आक्का, भरल्या पोत्यातून उजेड येत नाही गं.

नमस्कार तुला.

उद्या: हॉलवाल्यांना फोन करून तारीख रद्द करणे.